आमची वाटचाल: लोकर पिकते ती हिवाळ्यात

2013 च्या मे महिन्यात सासऱ्यांनी पोत्यात गुंडाळलेलं एक ओलं कोकरू माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "आईनं हुंगून सोडून दिलंय हिला. दर चार तासांनी दूध." आमच्या सुताच्या धंद्याचं भांडवल विचाराल तर ते हेच. बाटलीवर वाढवलेल्या कोकराला शेटलंडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेच्या आमच्या बेटांवर, कॅडी म्हणतात. मी तिचं नाव चिंगी ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यात तिची पहिली लोकर निघाली, तांबूस तपकिरी, इथल्या बोलीत मूरिट. सासूबाईंच्या चरख्यावर ती कशीबशी कातली. लर्विकला, म्हणजे इथल्या मुख्य गावाला, फिरायला आलेल्या एका नॉर्वेच्या बाईंनी ती जाडीभरडी लडी बारा पौंडांना घेतली, आणि मला वाटलं, हे तर सोपं आहे.

मी मूळची हातकणंगले तालुक्यातली. लोकर म्हणजे पट्टणकोडोलीच्या जत्रेत भंडाऱ्याबरोबर उधळतात ती, आणि आजोबांच्या खांद्यावरचं घोंगडं, एवढीच माझी ओळख. लग्न करून आले ती थेट 60 अंश उत्तरेला. इथून मुख्य भूमीवरचं अ‍ॅबरडीन शहर गाठायचं तर बोटीत एक अख्खी रात्र काढावी लागते. माहेरचे लोक थंडीचं विचारतात. थंडी फार नाही हो. समुद्रामुळे पारा शून्याच्या फार खाली जात नाही. जीव खातो तो वारा. पहिल्याच हिवाळ्यात दोरीवरची चादर उडाली ती शेजाऱ्यांच्या तारेच्या कुंपणाला अडकलेली सापडली, आणि शेजारी अर्ध्या मैलावर. दुसरा अंधार. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि तीनच्या सुमारास मावळतो. ढग असले, आणि ते असतातच, तर ते सहा तासही नावालाच.

2015 मध्ये बारा मेंढ्यांवर आम्ही रीतसर सुरुवात केली. आम्ही म्हणजे मी. नवरा आठवड्यातले चार दिवस सामन माशांच्या नोकरीवर असतो आणि उरलेले तीन दिवस कुंपणं दुरुस्त करतो. ठरवलं एवढंच की सूत रंगवायचं नाही. शेटलंडी मेंढीत मूळचेच अकरा रंग मानतात आणि अंगावरच्या ठिपक्या-पट्ट्यांचे तीस प्रकार. मूरिट, गडद राखाडी शेला, वरून फिकट आणि पोटाला काळी ती कॅटमॉगेट. देवानं रंगवून दिलेलं असताना आपण पातेलं कशाला चढवा? या लोकरीला 2011 मध्ये युरोपात संरक्षित नाव मिळालं, आपल्या कोल्हापुरी गुळाला आहे तसंच काहीसं. सप्टेंबरअखेर इथे शेटलंड वूल वीक भरतो, 2010 पासून. जगभरातून विणकाम करणाऱ्या बायका येतात (पुरुषही, पण कमी). आमची निम्मी विक्री त्या आठवड्यात.

हिशोब सांगते, कारण हा धंदा करू बघणाऱ्यांना तो कोणी सांगत नाही. एका मेंढीची लोकर किलो-सव्वा किलो. धुऊन, काडीकचरा जाऊन, कातून हातात येते साठ टक्के. चाळीस मेंढ्या म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलो सूत, पन्नास ग्रॅमच्या साडेपाचशे लड्या. संपलं. जास्त हवं तर मेंढ्या वाढवा. 2018 मध्ये आम्ही तेच केलं, सत्तरवर गेलो, आणि तोंडावर आपटलो. उन्हाळ्यात सत्तर मेंढ्या काहीच नाहीत, माळावर आपापल्या चरतात. हिवाळ्यात मात्र सहा तासांत सत्तर तोंडं बघून होत नाहीत. कोणती लंगडतेय, कोणती मागे राहिली, कोणती उताणी पडलीय. मेंढी खड्ड्यात उताणी झाली की तिला स्वतःहून उठता येत नाही, पोट फुगून काही तासांत जीव जातो. त्या हिवाळ्यात अशा दोन गेल्या. दोन्ही वेळा मी घरात बसून पार्सलं बांधत होते.

आता चाळीसच. सकाळी आठला कपाळावर दिवा बांधून निघायचं. पुढे आमचा कोली टग्या, मेंढ्या वळणारा कुत्रा. त्याला इंग्रजीत 'कम बाय' म्हटलं की घड्याळाच्या दिशेनं कळपाला वळसा घालतो, 'अवे' म्हटलं की उलट. घरात मात्र त्याला मराठीच कळतं. "बस रे, चिखल करू नको" हे तो नीट ऐकतो आणि मग चिखल करतो. दिव्याच्या झोतात आधी मेंढ्यांचे डोळे दिसतात, हिरवे, जोडीजोडीनं, आणि मी ते मोजते. चाळीस जोड्या भरल्या की चहा. मांजर, पीरी तिचं नाव, म्हणजे इथल्या बोलीत छोटी, गवताच्या गंजीत उंदरांवर बसलेली असते आणि आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. चिंगी गोठ्याच्या दाराशी येऊन खिशात तोंड घालते. बाकीच्या किनाऱ्यावर उतरतात. ओहोटी लागली की समुद्रशेवाळ खायला जायचं हे त्यांना घड्याळाशिवाय कळतं.

या फेऱ्यांचा लोकरीशी काय संबंध, असं मलाही पहिली दोन वर्षं वाटायचं. पहिल्या वर्षी गवताची जाळी डोक्याच्या उंचीवर टांगली होती. मेंढ्या वर ओढून खायच्या आणि भुसा मानेवर पडायचा. सूतगिरणीतून सूत आलं ते काड्यांसकट. गिऱ्हाईकानं लिहिलं, स्वेटर टोचतो. जाळी खाली आणली. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात एडक्याच्या छातीला लाल रंग लावला, कोणती मेंढी फळली ते कळायला. सगळे लावतात. तो लाल रंग मेंढ्यांच्या पाठीच्या फिकट लोकरीतून आमच्या धुण्यानं काही पूर्ण गेला नाही. तेव्हापासून मी कुंपणावर बसून वहीत टिपते. पावसात पेन चालत नाही, पेन्सिल चालते.

पण खरा धडा 2022 चा. ऑक्टोबरात समुद्राखालची केबल तुटली आणि बेटांवरचे फोन-इंटरनेट गेले. आम्ही हसलो, म्हटलं एक दिवस तरी ऑर्डरी नाहीत. डिसेंबरात हसू आलं नाही. ओला, जड बर्फ तारांवर गोठला आणि हजारो घरांची वीज गेली. आमच्याकडे सहा दिवस अंधार. पीटची चूल होती म्हणून बरं, म्हणजे दलदलीतल्या मातीच्या वाळवलेल्या विटा जाळायच्या. चुलीपुढे सासूबाई, कुत्रा, मांजर आणि दोन अशक्त मेंढ्या, त्याच क्रमानं जवळ. नाताळच्या तेवीस पार्सलांवर मांजर झोपली होती. मेंढ्यांपर्यंत पोचायला आम्हाला दोन दिवस लागले. दगडी बांधाच्या आडोशाला त्या दाटीवाटीनं उभ्या होत्या, पाठीवर बर्फाची गादी, चारा शून्य. एकही मेली नाही. सासरे म्हणाले, "वाचल्या. पण जूनमध्ये बघ."

जूनच्या सुमाराला शेटलंडी मेंढीची जुनी लोकर मुळाशी सैल होते, कातरीशिवाय हातानं उपटता येते. त्याला इथे रूइंग म्हणतात. सासऱ्यांनी पहिल्याच मेंढीची एक बट काढली, दोन्ही टोकं धरली, कानाशी नेऊन झटका दिला. चांगली लोकर तारेसारखी टण् वाजते. ही कर्रकन तुटली. मेंढी उपाशी राहिली, आजारी पडली की त्या दिवसांत उगवलेला केस बारीक पडतो. प्रत्येक बट त्याच जागी तुटत होती, जणू कोणी पट्टी लावून खूण केली होती. चाळीसपैकी सव्वीस मेंढ्यांची लोकर सुताच्या कामातून गेली. वर्षाचं निम्म्याहून जास्त उत्पन्न.

चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. मग आमच्या गावाकडची जेन, म्हणजे लोकरीची जाड चटई, आठवली. ती विणत नाहीत. लोकर ओली करून, दाबून, लाटून थापतात, तुटका केसही चालतो. गरम पाणी, साबण आणि सासूबाईंचं जुनं लाटणं घेऊन पडवीत बसले. पहिली बैठक, म्हणजे बसायचं आसन, वाकडी झाली, ती पीरीनं ताब्यात घेतली. पुढच्या बऱ्या जमल्या. त्या वर्षी वूल वीकमध्ये एकशे दहा बैठका विकल्या. आजही दर हिवाळ्यात अंधार पडल्यावर, म्हणजे दुपारी तीननंतर, आम्ही तेच करतो. विक्रीचा चौथा हिस्सा आता बैठकांचा. काही कुरिअर कंपन्या बेटांचा पत्ता दिसला की जास्तीचं भाडं लावतात, म्हणून आम्ही टपालानंच पाठवतो; वादळात बोट सुटली नाही तर उशीर होतो, आणि तसं आधीच लिहून कळवतो.

चारा आता माळावरच्या बांधालगत दोन ठिकाणी आधीच ठेवलेला असतो, आठवडाभराचा. 2024 च्या जूनमध्ये सासऱ्यांनी पुन्हा बटा कानाशी धरल्या. टण्, टण्, टण्. एकोणचाळीस वेळा. चाळिसावी चिंगी. तिची तुटली. अकरा वर्षांची झाली ती, पुढचे दात गेलेत, भिजवलेलं खाणं वेगळं द्यावं लागतं. तिच्या लोकरीचं सूत झालं नसतंच, बैठकीपुरतीही ती पुरली नाही. टग्याच्या अंथरुणात भरली.