संपचं प्लंबिंग: आधी बंद पंपाचा हिशोब

मत्स्यटाकीखाली संप, म्हणजे गाळणी आणि पंप ठेवायची दुसरी टाकी, बसवायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो, पंप किती लिटरचा घ्यायचा? खरं तर हा शेवटचा प्रश्न. पंप कमी ताकदीचा निघाला तर फार तर प्रवाह मंद राहतो. पंप थांबल्यावर पाणी कुठे जाईल याचा हिशोब चुकला, तर ते थेट फरशीवर येतं. म्हणून संपाने संप पुकारला तर काय होईल, हे आधी कागदावर मांडायचं.

आकडे हाताशी असावेत म्हणून एक टाकी धरू. १२० × ५० × ५० सेंमी, म्हणजे काठोकाठ ३०० लिटर. खाली ९० × ४० × ४० सेंमीचा संप, चालू असताना त्यात सरासरी २५ सेंमी पाणी. वरची टाकी वरून ६००० चौरस सेंमी आहे, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की ६ लिटर खाली आले. संप ३६०० चौरस सेंमीचा, तिथे तेवढ्याच पाण्याने पातळी सुमारे १.७ सेंमी चढते.

वीज गेली की पाणी दोन वाटांनी उतरतं. एक, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचं जादा पाणी खाली सोडणाऱ्या बॉक्सच्या, दातेरी कडेवरून, पातळी दातांच्या तळाशी येईपर्यंत. दुसरी वाट विसरली जाते ती रिटर्न पाइपची, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाइपाची. पंप थांबताच तोच पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड उघडं पडून आत हवा शिरेपर्यंत टाकी उपसत राहतो. तोंड पृष्ठभागाखाली ३ सेंमी असेल तर १८ लिटर, त्यात ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपांमधले साधारण ६ लिटर धरा. एकूण २४ लिटर, संपात पावणेसात सेंमी. पातळी २५ वरून ३२ च्या आत थांबते. आता तेच तोंड १० सेंमी खोल ठेवून बघा: ६० अधिक ६, असे ६६ लिटर खाली येणार आणि संपात रिकामी जागा ५४ लिटरची. उरलेले १२ लिटर कुठे जातील ते सांगायला नको. शिवाय स्किमर (फेसातून मैला काढणारं यंत्र), गाळणीचं सामान संपातली जागा खातं, म्हणून हिशोबाच्या वर ३-४ सेंमी मोकळे ठेवावेत.

रिटर्नच्या पाइपला पृष्ठभागाच्या जरा खाली ३-४ मिमीचं भोक पाडायची पद्धत आहे. पातळी भोकाखाली गेली की हवा आत जाते आणि सायफन तुटतो. उपाय चांगला, पण त्या भोकात शेवाळ धरतं, कधी गोगलगाय जाऊन बसते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हचंही तसंच, वाळूचा एक कण अडकला की तो पूर्ण मिटत नाही. स्प्रिंगचा असेल तर वर पंपाचा दाबही खातो. दोन्ही लावा हवं तर, पण हिशोबात ते नाहीतच असं धरा. तोंड उथळ ठेवणं हा एकच उपाय कधी बुजत नाही.

आता उलटा अपघात. खाली येणारा पाइप तुंबला आणि पंप चालूच राहिला, तर रिटर्नच्या, म्हणजे संपात पंप बसतो त्या, कप्प्यातलं सगळं पाणी वर जाणार. तो कप्पा २५ × ४० सेंमीचा असेल तर दर सेंमीला १ लिटर. पंपाच्या तोंडाच्या वर १५ सेंमी पाणी असलं तर १५ लिटर, वरच्या टाकीत अडीच सेंमी. म्हणजे चालू पातळीच्या वर काठापर्यंत किमान ४ सेंमी सोडलेले बरे. इथे आपोआप पाणी भरणारं यंत्र घात करतं. कप्प्यातली पातळी उतरली की त्याला वाटतं बाष्पीभवन झालं, आणि ते आपल्या पिंपातलं पाणी ओतत सुटतं. म्हणून पिंप मोठं ठेवायचा मोह आवरा किंवा ते पाणीही या हिशोबात मिळवा.

खाली येणाऱ्या पाइपाचे तीन प्रकार रूढ आहेत. दुर्सो म्हणजे एकच उभा पाइप, वर हवेचं भोक. सोपा, पण प्रवाह वाढला की गुडगुडतो आणि त्याला पर्यायी वाट नाही. हर्बीमध्ये दोन पाइप असतात, एक गेट व्हॉल्व्हने आवळून पूर्ण भरलेला सायफन आणि दुसरा कोरडा, आणीबाणीचा. बीनॲनिमलमध्ये तीन: सायफन, थोडंसं पाणी वाहून नेणारा उघडा पाइप आणि कोरडा. मधला पाइप प्रवाहातली छोटी घटबढ सांभाळतो, त्यामुळे व्हॉल्व्हशी रोज खेळावं लागत नाही. तीन भोकं पाडण्याइतकी जागा असेल तर डोळे झाकून हाच घ्यावा. नसेल तर हर्बी. शांत घरात एकटा दुर्सो नको.

सायफनच्या पाइपावर गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्ह केसभर फिरवला तरी प्रवाह एकदम बदलतो, बारीक जुळणी होत नाही. हा पाइप संपातल्या पाण्यात फक्त २-३ सेंमी बुडवायचा. खोल बुडवला तर सुरुवातीला आतली हवा बाहेर पडू शकत नाही, सायफन धरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वर पातळी चढते. कोरड्या पाइपाला व्हॉल्व्ह कधीच लावायचा नाही. त्याचं खालचं टोक पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे त्यातून पाणी पडायला लागलं की आवाजानेच कळतं.

भोक पाडण्याआधी टँक कनेक्टर (काचेच्या भोकात बसणारा पाइपाचा जोड) विकत आणा आणि तो मोजा. पाइपाच्या मापावरून भोक ठरवलं की फसगत होते. टफन केलेल्या (तापवून कडक केलेल्या) काचेला ड्रिल लावू नका, पूर्ण काच चुरा होते. तळाची काच पुष्कळदा टफन असते, तेव्हा आधी खात्री करून घ्या. रबरी वॉशर कनेक्टरच्या कडेच्या बाजूला, पाण्याच्या अंगाला येतो. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस्स. त्या रबरावर सिलिकॉन लावू नये, वॉशर सरकतो आणि गळती सुरू होते.

पाइप जाड घ्या. ताशी १५०० लिटर २० मिमी आतल्या व्यासातून नेले तर वेग सेकंदाला १.३ मीटर होतो, २७ मिमीतून नेले तर ०.७. घर्षणात पडणारा फरक मात्र जवळपास चौपट. मेट्रिक पीव्हीसी पाइपाचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं हे लक्षात असू द्या, ३२ चा पाइप आतून ३२ नसतो. जागा असेल तिथे ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन लावा. पंपाला लागून युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा जोड, हवाच, नाहीतर पंप धुवायचा म्हणजे पाइप कापायचा. पंप आणि कडक पाइप यांच्यामध्ये वीतभर लवचीक नळी टाकली की स्टँडची घरघर थांबते. सगळे जोड आधी कोरडे बसवून मार्करने खुणा करा, मग सॉल्व्हंट सिमेंट लावा. पाव फेरा देऊन अर्धा मिनिट दाबून धरा आणि पाणी २४ तासांनी सोडा. प्लॅस्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे ३-४ वेढे पुरतात. पान्याने जोर लावला की आतल्या आट्यांचा सांधा तडकतो, आणि तो तडा लगेच नाही, आठवड्याने दिसतो.

आता पंप. संपातून ताशी टाकीच्या ३ ते ५ पट पाणी फिरलं की पुरे. १० पटीचा जुना सल्ला वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच पाणी घुसळणारे पंखे, नसतानाचा आहे. आपल्या टाकीला ४ पट, म्हणजे ताशी १२०० लिटर. उंची पंपापासून मोजायची नाही, संपातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून वरच्या पाण्यापर्यंत मोजायची. ८० सेंमीचा स्टँड, वर ४६ सेंमी पाणी, त्यातून संपातले २५ वजा: १ मीटर १ सेंमी. एल्बो, युनियन आणि निमुळतं तोंड यांचे ३०-४० सेंमी धरा. म्हणजे सुमारे १.४ मीटर हेड, पंपाला पाणी चढवायची एकूण उंची. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, ‘कमाल हेड’ म्हणजे जिथे प्रवाह शून्य होतो ती उंची. खरेदी पंपाच्या उंची-प्रवाह आलेखावरून करा, थोडी सवड धरून: १.५ मीटरला १५०० लिटर देणारा पंप. कमाल हेड ३ मीटर असलेला पंप त्या उंचीवर साधारण निम्मा प्रवाह देतो, म्हणजे खोक्यावर ३००० च्या आसपास असलेला.

एसी पंप साधा आणि दणकट. डीसी पंपाचा वेग कमीजास्त करता येतो आणि तो वीजही कमी खातो, पण कंट्रोलर बिघडला की पंप निरुपयोगी. एसी पंपाचा प्रवाह कमी करायचा तर व्हॉल्व्ह नेहमी बाहेर जाणाऱ्या बाजूला लावायचा. आत ओढणारी बाजू आवळली की पंप कोरडा तडफडतो, पंखा झिजतो. बुडवलेल्या पंपाचे जवळजवळ सगळे वॉट शेवटी पाण्यात उष्णता म्हणून उतरतात. ४० वॉटचा पंप दिवसाला जवळपास १ युनिट खातो आणि तेवढंच पाणी तापवतो. म्हणून ‘थोडा मोठाच घेऊ’ हा विचार उन्हाळ्यात अंगाशी येतो.

मासे नसताना, साध्या पाण्यावर तीन चाचण्या. स्विच बंद करून संपातली पातळी कुठे थांबते ते पाहा, मग चालू करून सायफन हात न लावता धरतो का ते तपासा, असं चार-पाच वेळा. दुसरी, सायफनच्या तोंडाला झाकण लावा आणि उरलेल्या पाइपांना पूर्ण प्रवाह झेपतो का ते बघा. तिसरी, सगळीच तोंडं बंद करून रिटर्नचा कप्पा रिकामा होऊ द्या आणि वर काठापर्यंत किती जागा उरते ते मोजा. पंप हवा ओढायला लागला की लगेच बंद करा. शेवटी रिटर्नच्या कप्प्यावर बाहेरून चिकटपट्टीची एक रेघ लावा: पंप चालू असताना पाणी या रेघेच्या वर भरायचं नाही.