अशी कोणी नाही

वाईला कामासाठी पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत अकरा जणांच्या समितीचा छापील नमुना होता. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, युवा प्रतिनिधी, खाली सह्यांच्या रेघा. पुण्याच्या आमच्या संस्थेने त्याला ‘मोहल्ला समिती’ असं नाव दिलं होतं. हा शब्द भिवंडी-मुंबईकडचा, दंगलींच्या काळातला. वाईत लोक सरळ विचारायचे, “मोहल्ला कुठला? इथे आळ्या आहेत.”

पहिल्या सभेला एका शाळेच्या हॉलमध्ये सात माणसं आली. त्यातले दोघे हॉलची किल्ली घेऊन आलेले.

तसा कायदाही लहान गावाच्या बाजूने नाही. राज्यघटनेच्या 243-एस कलमाने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या शहरांत. वाईची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 36 हजारांच्या आसपास. म्हणजे माणूस माणसाला ओळखतो अशा गावात समितीची सक्ती नाही, आणि जिथे शेजारच्या फ्लॅटचं आडनाव ठाऊक नसतं तिथे आहे. हे ज्यांनी ठरवलं त्यांना एकदा घाटावर आणून बसवावं असं मला तेव्हा फार वाटायचं. आता तेवढं वाटत नाही. का, तेच सांगते.

वाईत कृष्णेचे घाट आळ्यांच्या नावाने ओळखले जातात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. माघापासून चैत्रापर्यंत एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव बसतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शेंडे शास्त्र्यांनी नदीला नवस केला, तेव्हापासूनचा, असं सांगतात. मांडव, कीर्तन, हळदीकुंकू, शेवटी महाप्रसाद. वर्गणी कुणाची किती, वाढायला कोण, भांडी कुणाच्या वाड्यात ठेवायची, सगळं ठरलेलं. मी पिशवीत घेऊन फिरत होते ती समिती इथे कित्येक पिढ्या चालू होती, फक्त तिला आमचा नमुना भरायचा नव्हता.

म्हणून मतदार यादीचं वाचन मी मांडवात करायचं ठरवलं. खेड्यात चावडीवाचन करतात तसं. नगरपालिकेच्या निवडणुकीला वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात. मूळ यादीतला घोळ खाली जसाच्या तसा उतरतो, वर फोडताना नावं भलत्या प्रभागात जातात ती वेगळीच. आळीने आपापली यादी एकदा कानांनी ऐकली तर निम्मा घोळ तिथेच निघेल, असा माझा हिशोब.

यादी वाचायला पद्धत लागते. एका पानावर तीस नावं, तीन रकान्यांत. आडनावांनी वाचली तर लोक पाच मिनिटांत पेंगतात. घरवार वाचायची, म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे आधी वाडा येतो, मग जिना, मग माणूस. वय मोठ्याने वाचायचं नाही; एकदा वाचलं होतं, तर तीन बायका उठून माझ्याकडे आल्या आणि पुढची पंधरा मिनिटं जन्मसालांवर गेली. वारलेल्याचं नाव आलं की क्षणभर थांबायचं, कारण कुणीतरी हात जोडतं. समासात खुणा करायच्या: ‘वा’ म्हणजे वारले, ‘पु’ म्हणजे पुण्याला, ‘दु’ म्हणजे दुबार, आणि गोल म्हणजे कुणालाच ठाऊक नाही. संकेतस्थळावरून उतरवलेल्या यादीत फोटो नसतात, त्यामुळे सगळी भिस्त कानावर. या खुणांचा मला अभिमान होता. अजूनही आहे, थोडा.

उत्सवाचे कार्यवाह, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांनी कीर्तनाआधीचा तास दिला. कुठल्या आळीतली गोष्ट ते सांगत नाही. फाल्गुनातलं ऊन, नदीला पाणी बेताचं. कृष्णाबाई हिरव्या शालूत. समोर जाजमावर पुरुष, बाजूला खुर्च्यांवर म्हातारी मंडळी, मांडवाच्या मागे कापडी पडद्याआड चुलाणं. मी माईक घेतला.

शाळेच्या हॉलमध्ये सात माणसं आली होती, इथे शंभरावर. नाव उच्चारलं की मांडव उत्तर द्यायचा. “आहे.” “आहे.” “गेल्या दिवाळीत गेले.” “ती लग्न होऊन कराडला.” एका गृहस्थांचं नाव दोनदा आलं तर मागून आवाज, “दोन्ही तेच, एकदा चष्मा लावून!” मी इतकी खूष होते की संस्थेला पाठवायचे फोटो काढायचे राहिले. (त्यावरून नंतर बोलणी खाल्ली. आमच्याकडे सभा झाली की नाही हे हजेरीपत्रक आणि ठिकाणाची नोंद असलेला फोटो ठरवतो.)

पुण्याच्या नावांशी मात्र अडलं. एकेका वाड्यातून चार-पाच जण वर्षानुवर्षं कोथरूड नाहीतर सिंहगड रोडला राहतात, कुलूप लावलेल्या दोन खोल्या इथे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं विसावं कलम सांगतं की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. मी ते माईकवरून सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, “ताई, तो दर उत्सवाला येतो. पाच हजार वर्गणी देतो. तो आमचाच आहे.” मांडवाने मान डोलावली. मी ‘पु’ लिहिलं आणि पुढे गेले. अशी चौदा नावं.

मग एका मोठ्या वाड्याच्या घर क्रमांकाखाली एका बाईचं नाव आलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. आडनाव आळीतलं नव्हे. मी दोनदा वाचलं. मांडव गप्प. त्या वाड्याचे मालक समोरच बसले होते, आदल्या दिवशी पुण्याहून आलेले. ते म्हणाले, “आमच्या वाड्यात या आडनावाचं कोणी नाही.” अण्णांनी वर्गणीची वही चाळली. लाल कापडी बांधणीची, फार सुंदर अक्षरातली वही. “अशी कोणी नाही,” ते म्हणाले. “बोगस असेल. कापा.” मागून दोघातिघांनी री ओढली.

मी गोल केला. आणि गोलाच्या शेजारी, स्वतःच्या अक्षरात, लिहिलं: सात नंबर.

नमुना सात म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज. तो आमच्यासारख्या संस्थेला भरता येत नाही, त्याच मतदारसंघातल्या मतदाराने भरायचा, नावागणिक एक. त्या रात्री वारलेल्यांचे आणि दुबारांचे अर्ज आम्ही घरच्यांकडून घेतले. हा एक अण्णांनी सही करून दिला. कारणाच्या जागी ‘कायमचे स्थलांतर’ मी लिहिलं, कारण काहीतरी लिहावं लागतं.

मग प्रसाद झाला. पडद्याआडून एक बाई आमटीची बादली घेऊन आली. मला दोनदा वाढलं. “घ्या ताई, ओरडून घसा बसला असेल,” म्हणाली.

तीन आठवड्यांनी बीएलओ बाईंचा, म्हणजे मतदान केंद्राची यादी घरोघर जाऊन तपासणाऱ्या बाईंचा, फोन. अंगणवाडी सेविका. आमच्या बैठकांत बीएलओंची टिंगल फार चालते, घरी न जाताच शेरे लिहितात म्हणून, आणि त्या टिंगलीत मीही असते. त्या म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या आळीतला एक सातचा अर्ज आहे, ती बाई माझ्यासमोर बसली आहे.”

वाड्याच्या मागच्या अंगाला, न्हाणीघराशेजारी, एक खोली. तीस वर्षांहून जास्त ती तिथे राहते. नवरा तरुणपणीच गेला. आळीतल्या सगळ्या कार्यांचा स्वयंपाक करते. आळीला ती मावशी. तिचं नाव असं कुणी कधी घेतलेलंच नाही; रेशन दुकान आणि मतदान केंद्र सोडून ते उच्चारायचं कारणच पडलं नाही. वर्गणीच्या वहीत ती असायचंही कारण नाही, कारण ती वर्गणी देत नाही, उत्सवाचा स्वयंपाक करते. त्या दिवशीही पडद्यापलीकडे, माझ्यापासून वीस पावलांवर, आमटी ढवळत होती.

बीएलओ बाईंनी तिला ओळखलं कसं? त्या खोलीपर्यंत चालत गेल्या, बस. दाराशी विचारलं, तुमचं नाव काय? तिने नाव सांगितलं. औषधांच्या पिशवीतून ओळखपत्र काढून दाखवलं.

नाव राहिलं. अर्ज फेटाळला गेला. कागदोपत्री काहीच बिघडलं नाही, आणि हेच मला संस्थेत पुनःपुन्हा ऐकवलं जातं.

अण्णांना सांगायला मी स्वतः गेले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अहो, पण माझ्या मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक त्यांचा.” उठून वही आणली, पानं चाळली, परत ठेवली. वाईट माणूस नाही तो. मीही त्यांच्या वहीवर विसंबले होते, आणि ती वही चोख होती. फक्त ती राहणाऱ्यांची नव्हती, देणाऱ्यांची होती. माझ्या चौदा ‘पु’पैकी एकाचाही सात नंबर आजपर्यंत कुणी भरलेला नाही.

मावशींकडे मी दोनदा गेले. पहिल्यांदा विचारलं, तुमचं नाव वाचलं तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाल्या, चुलाणाचा आवाज होता, ऐकू आलं नाही. ते मी मानलं. मानायला सोपं होतं. दुसऱ्यांदा मी काही विचारलं नव्हतं. त्या लसूण सोलत होत्या. आपणहून म्हणाल्या, “ऐकलं होतं की. दोनदा वाचलंत. सगळे नाही म्हणाले, मग मधे कुठे बोलायचं? आणि हातात पळी होती.”

आक्षेपाच्या नोटिशीवर आक्षेप घेणाऱ्याचं नाव असतं. बीएलओ बाईंनी ती तिला वाचून दाखवली होती. मी म्हटलं, अण्णांचा राग नाही ना आला?

“त्यांचा कशाला? त्यांनी सही केली. बाकीचं अक्षर तुमचं आहे म्हणत होत्या बाई.”

मग सोललेला लसूण त्यांनी ताटलीत एका बाजूला केला आणि मला चहा घेणार का विचारलं.