रागाच्या वर्गाची फी आणि माझा चुकलेला हिशेब

मोबाइलचा चार्जर जागेवर नाही, एवढ्याच कारणावरून मी मुलावर ओरडलो आणि टेबलावर हात इतक्या जोरात आपटला की पाण्याचा पेला खाली पडून फुटला. मुलगा रडला नाही. तो मुकाट्याने उठून दाराजवळ जाऊन उभा राहिला, आणि दारापर्यंतचे अंतर त्याने आधीच कधीतरी मोजून ठेवले असावे, असे मला वाटून गेले. त्याच रात्री मी राग आवरायला शिकवणाऱ्या वर्गांचा शोध सुरू केला.

शोधताना पहिली नजर गेली ती अर्थातच फीवर. आधी ध्वनिमुद्रित केलेले ऑनलाइन कोर्स सर्वांत स्वस्त, त्यांच्यावर दोन दिवसांची शिबिरे, मग दर आठवड्याला भरणारे गट आणि सर्वांत महाग म्हणजे समुपदेशकाबरोबर एकट्याने बसणे. हा फरक मुख्यतः तज्ज्ञाच्या वेळेचा आहे. त्याचा एक तास गटात आठ-दहा जण वाटून घेतात, एकट्याने बसल्यावर तो सगळा आपल्याच नावावर पडतो, तर ध्वनिमुद्रित कोर्समध्ये तो कोणाच्याच वाट्याला येत नाही. मी मधला मार्ग म्हणून शिबिर निवडले आणि तिथेच माझा हिशेब चुकला.

त्या शिबिरात आम्हाला उशीवर ठोसे मारत ‘साचलेला राग बाहेर काढायला’ सांगितले होते. त्या वेळी बरे वाटले, हे मी नाकारत नाही. मात्र नंतर वाचनात आले की ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या व्यक्तीचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक नुसते शांत बसलेल्यांपेक्षा अधिक रागीट आणि आक्रमक ठरले होते. 2024 मध्ये त्यांनी आणि सोफी कर्विक यांनी 154 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही शरीराची उत्तेजना उतरवणारे उपाय, म्हणजे श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणे, हेच राग कमी करणारे निघाले. धावण्यासारख्या दमवणाऱ्या व्यायामाचा रागावर तसा उपयोग दिसला नाही. त्यामुळे एखाद्या वर्गाच्या माहितीपत्रकात वस्तू फोडण्याची किंवा किंचाळण्याची सोय मोठ्या अक्षरांत छापलेली असेल, तर फी कितीही कमी असली तरी मी तिथे जाणार नाही.

ज्या पद्धतीमागे सर्वाधिक पुरावा आहे ती बोधात्मक-वर्तनात्मक उपचारपद्धती (सीबीटी), म्हणजे आपले विचार आणि वागणे ओळखून ते बदलायला शिकवणारी पद्धत. रेमंड नोव्हाको या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये तिची रागासाठीची मांडणी केली: राग कशाने पेटतो ते ओळखणे, त्या क्षणी मनात येणारे वाक्य पकडणे, शरीर शांत करणे आणि मग वेगळे वागण्याचा सराव करणे. अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य यंत्रणेची याच धर्तीवरची पुस्तिका विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिच्यात आठवड्याला दीड तास याप्रमाणे 12 आठवड्यांचा कार्यक्रम आहे, म्हणजे एकूण 18 तास. माझे शिबिर 12 तासांचे होते. तासांचा हा फरक काही फार नाही, पण 12 आठवड्यांत दोन वर्गांच्या मधले जे दिवस मिळतात, ज्यांत घरी खरोखर भांडण होते आणि त्याची नोंद घेऊन पुढच्या वर्गात जाता येते, ते दिवस शिबिरात मुळी नसतातच. खरे पैसे त्या मधल्या दिवसांचे मोजायचे असतात, हे मला उशिरा कळले.

दुसऱ्यांदा निवडताना मी प्रवेशाआधीच बरेच प्रश्न विचारले. शिकवणारी व्यक्ती मानसशास्त्राचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली आहे का, सुरुवातीला माझी स्वतंत्र मुलाखत होईल का आणि तिची फी वेगळी आहे का, एखादा वर्ग चुकला तर पैसे जातात की भरून काढता येतो? न्यायालयाने किंवा कार्यालयाने पाठवलेल्यांनी तर आणखी एक गोष्ट आधी पक्की करावी, ती म्हणजे त्या वर्गाचे प्रमाणपत्र तिथे चालेल की नाही, आणि तेही लेखी. विम्याच्या भरवशावर राहण्याआधीही चौकशी करावी, कारण राग हे स्वतःहून एखाद्या आजाराचे निदान नाही आणि विमा कंपन्या सहसा निदान मागतात. पैशांची ओढाताण असेल तर उत्पन्न पाहून फी ठरवणारे समुपदेशक असतात. विद्यापीठांच्या काही प्रशिक्षण केंद्रांत वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकाऊ समुपदेशक कमी फीत काम करतात, तेही चांगले.

काही वेळा मात्र असा वर्ग हा योग्य उपायच नसतो. जो माणूस साहेबासमोर नम्र असतो आणि घरीच हात उगारतो, त्याला राग आवरता येत नाही असे म्हणणे कठीण आहे. त्याच्यासाठी घरगुती हिंसाचारावरचे वेगळे कार्यक्रम असतात, आणि तोवर घरातल्यांची सुरक्षितता आधी पाहावी लागते. दारू, अपुरी झोप किंवा नैराश्य यांमुळे चिडचिड वाढली असेल, तर आधी डॉक्टरांकडे जाणे स्वस्तही पडते आणि योग्यही.

सध्या माझा साप्ताहिक गटाचा सातवा आठवडा चालू आहे. प्रत्येकाला एक वही ठेवावी लागते, तिच्यात रागाचे कारण, तो किती तीव्र होता याचा 1 ते 10 मधला आकडा आणि आपण काय केले एवढेच लिहायचे असते. माझी परवाची नोंद अशी आहे: ‘पुन्हा चार्जर. जबडा आवळला, कान तापले. 6. दहा मिनिटांत परत येतो असे सांगून बाहेर गेलो, नवव्या मिनिटाला परतलो.’ परत येण्याची वेळ सांगूनच बाहेर जायचे, हा आमच्या वर्गाचा नियम आहे, कारण काही न बोलता निघून गेलेला माणूस मागे राहिलेल्यांना आणखी घाबरवतो. मी परतलो तेव्हा मुलगा जेवत होता. खुर्ची मात्र त्याने अजूनही दाराकडचीच धरलेली आहे.