तुम्ही विचारलंत म्हणून: वारा पडला की लाइट जाते का?

सुट्टीत साताऱ्याला आलो की कुणीतरी विचारतंच, ‘वारा पडला की तुमच्या इंग्लंडात अंधार होतो म्हणे?’ चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघत वाढलेली माणसं विचारतात, याचं जास्त वाईट वाटतं.

नाही होत. वारा पडणार हे आदल्या दिवशीच कळतं. 9 ऑगस्ट 2019 ला दुपारी 4:52 ला तिथे एका लाइनवर वीज कोसळली, तेव्हा उत्तर समुद्रातला हॉर्नसी हा पवनचक्क्यांचा प्रकल्प 799 मेगावॅट देत होता. वारा होताच. तरी बघता बघता तो 62 वर आला, कारण त्याच्या व्होल्टेज नियंत्रणात हेलकावे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर बदललं. गॅसचं एक केंद्रही तेव्हाच कोलमडलं होतं, पण 11 लाख ग्राहकांची वीज गेल्याचं खापर फुटलं वाऱ्यावर.

मी हेच नियंत्रण जुळवतो, दुसरीकडे. पवनचक्कीची वीज ग्रिडला जुळवून देणारं यंत्र म्हणजे कन्व्हर्टर. तो दिंडीतला टाळकरी समजा. ग्रिडचा मृदंग ऐकून ठेका धरायचा. ऐकणारा भाग म्हणजे पीएलएल (फेज-लॉक्ड लूप); त्याचा वेग म्हणजे तो ठेक्यामागे किती झटपट जातो. मृदंग लांब आणि क्षीण असला, की टाळकऱ्याला स्वतःचेच टाळ ऐकू येतात आणि तो त्यांच्यामागे धावतो.

हे आज सांगतोय. माझ्या प्रकल्पात एकदा मी पीएलएलचा वेग दुप्पट केला होता, कारण सिम्युलेशनमधला आलेख देखणा दिसत होता. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, ‘किनाऱ्याकडची एक केबल बंद असताना चालवून पाहिलंस?’ मी म्हटलं, ‘बंद कशाला असेल?’ बैठकीत दोघं-तिघं हसले. मीही.

सात आठवड्यांनी तीच केबल दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणजे मृदंग आणखी क्षीण. रात्री दोनला फोन आला. बाहेर वारा सुसाट, आणि कन्व्हर्टर रांगेने ट्रिप होत गेलेले. पडद्यावर करंटचे हेलकावे दर फेरीला फुगत होते, माझ्याच आकड्यांनी. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तो आलेख मला पाठवला, खाली एक अक्षर नाही. ते अजून टोचतं.

मुदत जवळ होती, ग्रिडची माहिती अपुरी मिळाली होती, हे खरंच. पण विचारलेल्या प्रश्नाला मी हसलो होतो, तेही खरं.

मग वेग निम्म्यावर आणला. हेलकावे थांबले. पण आता जवळपास बिघाड झाला की कन्व्हर्टर उशिरा सावरतो. किती उशीर चालेल, यावरून आमचं अजून भांडण चालू आहे, आणि या खेपेला सावकाश चालवा म्हणणारा मी आहे.