पावसाळ्यात मैनापीची वाट: पायात कोणते बूट हवेत

गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्याला जायचं तर मडगावहून केपे, रिवण करत नेत्रावळी गाठायची आणि वन खात्याच्या नाक्यावर नोंद करून पुढे जायचं. पावसाचा जोर वाढला की धबधब्यांच्या वाटा बंद होतात, म्हणून निघण्याआधी तेवढी चौकशी करून घ्या. वाट रानातली, व्हाळ म्हणजे ओढे ओलांडत जाणारी. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात त्या बुटांच्या बाबतीत.

महागडे वॉटरप्रूफ बूट घालून येणारे पुष्कळ दिसतात. हे बूट हिमालयातल्या बर्फासाठी उत्तम. आत उबदार पाय, बाहेर कोरडी थंडी, त्यामुळे घामाची वाफ मेंब्रेनमधून, म्हणजे बुटातल्या पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, बाहेर निघून जाते. जुलैत नेत्रावळीच्या रानात बाहेरची हवाच उबदार आणि दमट असते. वाफेला जायला वाट नाही, पाय घामानेच भिजतो. शिवाय व्हाळात पाणी शिरतं ते घोट्यावरून. एकदा आत गेलं की बूट म्हणजे भरलेली कळशी! तेच मेंब्रेन पाणी बाहेर सोडत नाही. गमबूट कुळागरात (सुपारीच्या बागेत), चिखलात कामाला चांगले, पण वाहत्या पाण्यात भरले की पाय उचलवत नाही.

या वाटेला पाणी गळून जाणारा बूट हवा: जाळीचा किंवा कॅन्व्हासचा, आत जाड फोम नसलेला, मऊ रबरी तळव्याचा, खोल खाचांचा. घरी नळाखाली बूट पाण्याने भरा, रिकामा करा, घालून वीस पावलं चाला. तरीही आत पाणी पचपचत असेल तर तो नको. जुन्या लष्करी जंगल बुटांना आतल्या बाजूला, तळव्याच्या कमानीपाशी जाळी बसवलेली दोन भोकं असतात, ती याचसाठी. शेवाळलेल्या दगडावर मात्र कुठलाच तळवा भरवशाचा नाही. पाय दगडाच्या माथ्यावर न ठेवता दोन दगडांच्या बेचक्यात ठेवा.

मोजे सुती नकोत, लोकर किंवा सिंथेटिकचे घ्या. त्यावर घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्याखाली नाडीने बांधायचे जळूमोजे. साध्या मोज्यांच्या विणीतून जळू आरामात आत जाते. चिकटलीच तर ओढू नका, मीठही टाकू नका. तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ येत राहतं, जखम धुऊन दाबून धरा.

व्हाळ बूट काढून ओलांडू नये. पाण्याखालचे दगड दिसत नाहीत, अनवाणी पाय घसरतो आणि कापतोही. नाड्या आवळा, सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, काठी टेकत प्रवाहाकडे तोंड करून आडवं सरका. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की मागे फिरा. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, तर वर जोराचा पाऊस पडलाय. तिथे थांबू नका. परतताना हाच व्हाळ पुन्हा लागतो, हे जाताना ध्यानात असू द्या.

कपाटात वर्षानुवर्षं पडलेला बूट तसाच उचलून आणू नका. पॉलीयुरेथेनचा तळवा आपल्या दमट हवेत आतून कुजतो, बाहेरून धडधाकट दिसतो आणि वाटेत पापडासारखा तुटतो. आधी वाकवून बघा, भेगा पडल्या की टाकून द्या. तरीही दोनेक मीटर नायलॉनची दोरी जवळ ठेवा. सुटलेला तळवा कमानीखालून घोट्याभोवती आवळला की गाडीपर्यंत चालतो.

निघण्यापूर्वी बोटांच्या मध्ये व्हॅसलीन चोळा. परतल्यावर लगेच पाय पुसून कोरडे करा, चिखल्या टळतात. सुके मोजे गाडीतच ठेवलेले बरे. बुटातून सुकतळा काढा, लाल माती नळाखाली धुऊन काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदला. चुलीजवळ वाळवले तर चिकटवलेले जोड सुटतात. पंख्याखाली ठेवा.