लाल गोठा

आईला पाठवलेल्या पत्रात मी एकदा लिहिलं, 'काल रात्री रेड बार्नमध्ये जेवलो.' तिला कळावं म्हणून पुढे कंसात 'लाल गोठा' असंही लिहून टाकलं. तीन आठवड्यांनी वाईहून उत्तर आलं: 'पैसे कमी पडत असतील तर कळव. गोठ्यात जेवू नकोस.'

गोष्ट 1976ची, ओहायोतल्या डेटनची. रेड बार्न ही हॅम्बर्गर आणि तळलेल्या चिकनची साखळी. शेजारच्याच स्प्रिंगफील्डमध्ये 1961 साली सुरू झालेली, पुढे शेकडो शाखा, अगदी कॅनडा-ऑस्ट्रेलियापर्यंत. इमारत थेट तिकडच्या शेतावरच्या बार्नसारखी. बार्न म्हणजे खरं तर नुसता गोठा नव्हे. खाली गुरं, वर वैरण. वैरणीला जागा जास्त मिळावी म्हणून छपराला प्रत्येक बाजूला दोन उतार: वरचा सपाटसर, खालचा एकदम खडा. मी स्ट्रक्चर शिकायला गेलेलो, त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं ते छप्परच. दर्शनी बाजूला मात्र वरपर्यंत काच, आणि आत गुरांच्या जागी आम्ही.

मी शाकाहारी. बिग बार्नी, बार्नबस्टर असल्या भारदस्त नावांच्या बर्गरांचा मला काय उपयोग? पण त्यांच्याकडे सॅलड बार होता, आपल्या हातानं वाढून घ्यायचा. फास्ट फूडवाल्यांत ही सोय सुरुवातीला करणाऱ्यांतले ते. दुसऱ्यांदा उठून जायची मला लाज वाटे, म्हणून एकाच खेपेत भागवायचो. वाडग्याच्या कडेनं काकडीच्या चकत्या उभ्या लावायच्या, की भिंत दोन इंच वर जाते. मग आत कोबी, गाजर, चणे, बीट. त्यावर खिशातल्या पुडीतलं मेतकूट. सोबत फ्रेंच फ्राइज. ते कशात तळलेत हे मी कधी विचारलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही.

माझा रूममेट मिनेसोटाचा. तो आत पाऊल टाकत नसे. मिनिअ‍ॅपोलिसच्या डिंकीटाउनमध्ये, विद्यापीठाच्या तोंडाशी, जुनी दुकानं पाडून रेड बार्न उठणार होतं. 1970 साली विद्यार्थ्यांनी त्या रिकाम्या दुकानांत कित्येक आठवडे ठिय्या दिला. शेवटी दुकानं पाडली गेलीच, पण रेड बार्नही तिथे झालं नाही. याच्या तत्त्वाला मी मान देत असे. फक्त गाडी पार्किंगमध्ये लावून, काच खाली करून, तो मला म्हणायचा, 'येताना माझं चिकन घेऊन ये.'

पुढे कंपनी एका मोठ्या धंद्याच्या पोटात गेली, तो धंदा आणखी मोठ्याच्या. त्या वरच्यांना बर्गरात रस नव्हता. जागांचे करार संपत गेले तशी दुकानं मिटत गेली आणि ऐंशीचं दशक संपेपर्यंत सगळं आटोपलं. इमारती मात्र उरल्या. अशा ठिकाणी आता कुठे गाड्यांचे सायलेन्सर बदलून मिळतात, कुठे फुलं, कुठे चायनीज. पाट्या वाचण्यात अर्थ नाही, छप्पर बघायचं. मुलगी गाडी चालवत असली की मी मध्येच 'थांब थांब!' ओरडतो. तिला वाटतं, कुणी आडवं आलं.

परवा असंच एक सापडलं. छप्पर तपकिरी रंगवलेलं, काचेच्या जागी पत्रा. पण उताराचा तो मोड जिथल्या तिथे. आत शिरलो, व्हेज फ्राइड राइस घेतला आणि गाडीत बसून खाल्ला. फोटो वाईला धाकट्या बहिणीला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं:

'हाच होय तो गोठा! आईनं तेव्हा सगळ्या आळीला सांगितलं होतं, तुझी जेवणाची सोय एका मोठ्या शेतकऱ्याकडे झालीय म्हणून.'