जहाज थांबतं तिथून पुढं

गावाकडं फोन लावला की आप्पांचा प्रश्न ठरलेला, "जहाजावरच हायेस का रं?" केज तालुक्यातला माणूस समुद्राचं काम करतो म्हणजे तो जहाजावरच असणार, हे त्यांनी पक्कं धरलंय. मी बहुतेक वेळ गमबूट घालून ओल्या वाळूत उभा असतो आणि जहाज लांब पाण्यात असतं, हे काही त्यांना पटत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर असतो, लिंकनशायर-यॉर्कशायरच्या पट्ट्यात. समोर उत्तर समुद्र, त्यात पवनचक्क्यांचे मोठमोठे प्रकल्प. आपल्याकडं पाटोद्याच्या माळावरची वीज खांबांवरून जाते, इथली समुद्राच्या तळात पुरलेल्या केबलमधून येते. देशादेशांतली वीजही अशीच येते. डेन्मार्कहून निघालेली वायकिंग लिंक लिंकनशायरमध्येच वर येते. तिची एकूण लांबी ७६५ किलोमीटर, क्षमता १,४०० मेगावॉट, आणि ती डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. एवढा समुद्र पार करून आलेलं जहाज किनारा दिसायला लागला की थांबतं, कारण पुढं पाणी उथळ. तिथून केबलचं टोक ओढून घ्यायचं काम आमचं.

पवनचक्क्यांची ही केबल म्हणजे आत विजेचे तीन कोर, सोबत फायबर, वर पोलादी तारांचं चिलखत. जाडी पाव मीटरच्या आसपास, वजन मीटरला शंभर किलोच्या घरात. किनाऱ्यावर पूर अडवणारा बांध असतो, वाळूच्या टेकड्या असतात. त्या फोडायच्या नाहीत, म्हणून त्यांच्या खालून आधीच आडवं बोअर मारून पाइप घातलेला असतो. पाइपात दोर, दोराचं एक टोक आमच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राला, दुसरं पाण्यातून जहाजापर्यंत.

बोअरमधली मोटर वर काढताना वायरला धरून ओढलं की काय होतं, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भार दोरावर घ्यायचा. इथंही तसंच. केबलच्या टोकाला पुलिंग हेड, म्हणजे दोर अडकवायची पोलादी टोपी, बसवतात आणि ओढ मुख्यतः चिलखताच्या तारांवर घेतात. किती ताण चालेल हे बनवणाऱ्यानं ठरवून दिलेलं असतं. विंचवरचा ताणाचा आकडा सतत रेडिओवर सांगत राहायचा, त्या मर्यादेजवळ गेला की सगळं जागच्या जागी थांबवायचं. वाकवण्याचीही मर्यादा असते. केबल ज्यावरून सरकते तो रोलर जरा वाकडा बसला आणि केबल ठरल्यापेक्षा जास्त मुडपली, तर बाहेरून काही दिसत नाही, पण आतलं इन्सुलेशन दुखावलेलं असू शकतं. मला हा भाग सगळ्यात नाजूक वाटतो, आणि नवी पोरं नेमकी इथंच घाई करतात.

जहाजापासून निघालेली केबल हवा भरलेल्या फुग्यांवर तरंगत येते. आडवा प्रवाह तिला धनुष्यासारखी वाकवतो, छोट्या बोटी तिला ओळीत धरून ठेवतात. टोक पाइपातून आत आलं, पक्कं बांधलं, की एकेक फुगा सोडत केबल तळाशी बसवायची आणि मग पुरायची. उधाणाच्या दिवसांत इथं भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्या आसपास असतो, त्यामुळं सकाळी जिथं ट्रॅक्टर उभा होता तिथं दुपारी पाणी असतं. वारा वाढला तर काहीच करता येत नाही. जहाजाचं भाडं मात्र चालूच. पावसाची वाट बघण्यात हयात गेलेल्या मुलखातून आलोय, त्यामुळं थांबण्याचा त्रास मला इतरांपेक्षा कमी होतो. फक्त इथं आपण पाऊस जावा म्हणून थांबतो.

जाता जाता एक सांगतो. कॉर्नवॉलमध्ये पोर्थकर्नो नावाचं चिमुकलं खोरं आहे. मुंबई-एडन-सुएझ मार्गाची तारायंत्राची केबल १८७० मध्ये तिथं वर आली. मुंबई ते एडनचा तुकडा ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजानं टाकला होता. आज तिथं संग्रहालय आहे. इकडं आलात तर लंडनचं मोठं चक्र एक वेळ सोडा, पण हे बघा.

आता लातूर-बीडच्या आयटीआयवाल्या पोरांसाठी. पवनचक्क्यांच्या कामात बहुतेक ठिकाणी ‘जीडब्ल्यूओ’चं (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) सुरक्षा प्रशिक्षण मागतात. त्यात प्रथमोपचार, आग, उंचीवरचं काम आणि समुद्रात जीव वाचवणं असे भाग असतात, आणि ते ठरावीक मुदतीनं पुन्हा करावं लागतं. पोहता येत नसेल तर आधी ते शिका, विहिरीत शिकलात तरी चालेल. पण मला विचाराल तर विंचपेक्षा जॉइंटरचं काम धरा. समुद्रातली केबल आणि जमिनीवरची केबल जिथं जोडतात, त्या काँक्रीटच्या खड्ड्यावर बंद खोली उभारून जॉइंटर दिवसचे दिवस बसतात. धुळीचा कण आत गेला तरी जोड वाया जाऊ शकतो, म्हणून साहेबालाही तिथं उगाच डोकावू देत नाहीत. आपल्याकडं केबल जोडणारे हात पुष्कळ आहेत. त्यांनी हाय व्होल्टेजच्या जोडणीचं रीतसर प्रशिक्षण घ्यावं. आणि ऑफर लेटर हातात यायच्या आधी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.